माणशी अर्धा एकर पाणी : नायगावचा हिशेब आणि आपली ऊसनोंद



ऊस विकास अधिकाऱ्याने बेणे, खते, खोडवा आणि हुमणी यांवर लिहावे, अशी या पानाची वहिवाट आहे. या अंकात ती मोडतो आहे. एका लहानशा गावाच्या माळावर सुरू झालेल्या पाणीवाटपाच्या पद्धतीविषयी लिहायचे आहे, आणि त्या पद्धतीत उसाला चक्क बंदी होती. कारखान्याचा पगार खाणाऱ्या माणसाने असले गाव सभासदांपुढे ठेवावे याचे काहींना हसू येईल, काहींना राग येईल. दोन्हीला माझी हरकत नाही. पूर्ण वाचा आणि मग बोला, एवढीच विनंती.

गाव म्हणजे पुरंदर तालुक्यातले नायगाव. सावित्रीबाईंचे नायगाव ते सातारा जिल्ह्यातले, ते वेगळे. हे पुणे जिल्ह्यातले, तालुक्याच्या पूर्व अंगाचे. पुरंदर तालुका म्हटला की आपल्याला गड आठवतो, जेजुरीचा खंडोबा आठवतो, सासवडचे अंजीर-सीताफळ आठवते. परंतु तालुक्याचा पश्चिम भाग निराळा आणि पूर्व भाग निराळा. सह्याद्री ओलांडून आलेला ढग गडाच्या बाजूला बराचसा रिकामा होतो आणि पूर्वेला पोहोचेपर्यंत त्याच्यात फारसे काही उरत नाही. भुलेश्वराच्या देवळाकडे जाताना दोन्ही बाजूंनी पाहावे : उघडे खडकाळ डोंगर, वीतभर मातीखाली मुरूम, मुरमाखाली काळा पाषाण. वर्षाला ४०० ते ५०० मिलिमीटर पाऊस, तोही धड वेळेवर नाही. बाजरी, हुलगा, मटकी, जमलीच तर रब्बी ज्वारी, आणि धनगरांची मेंढरे. आपल्या कार्यक्षेत्रातल्या माळावरच्या वाड्या ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना वेगळे काही सांगायला नको.

१९७२ चा दुष्काळ या भागाने पुरेपूर भोगला. थोरल्या मंडळींच्या तोंडून आपण तो ऐकलेला आहे. मिलो, सुकडी आणि खडी फोडणे. १९७३ च्या मे महिन्यात राज्यात जवळजवळ ५० लाख माणसे दुष्काळी कामावर होती. त्या वेळी पुण्याचे एक इंजिनिअर कारखानदार, विलासराव साळुंखे, या भागात फिरले. त्यांना जे खटकले ते साधेच होते. हजारो माणसे खडी फोडताहेत, रस्ते करताहेत, पण पुढच्या वर्षी पाऊस पडला तर तो अडवायची सोय कुठेच होत नाही. म्हणजे पुढचा दुष्काळ पुन्हा तसाच येणार.

१९७४ मध्ये त्यांनी नायगावात देवस्थानाची ४० एकर जमीन खंडाने घेतली. जमीन कसली, उतारावरचा माळच तो. त्या माळावर त्यांनी समपातळीत बांध घातले, खालच्या अंगाला पाझर तलाव केला, तलावाच्या खाली विहीर काढली, आणि विहिरीचे पाणी पंपाने परत वर चढवून शेत भिजवले. वरच्या नापीक पट्ट्यात झाडे. यातला एकही भाग नवा नव्हता. बांध आपले आजोबा घालीत होते, विहीर तर गावोगाव होती. एका पाणलोटात हे सगळे एकाखाली एक रचले, एवढेच नवे. जिथे कुसळाशिवाय काही उगवत नव्हते त्या माळावर धान्य पिकू लागले. आसपासच्या गावचे लोक बघायला येऊ लागले आणि 'आमच्याकडे पण करा' म्हणू लागले.

इथपर्यंतची गोष्ट आपण अनेक गावांची ऐकतो. पाणी अडवले, हिरवे झाले, फोटो निघाले. नायगावचे खरे महत्त्व याच्या पुढे आहे. पाणी अडवणे हे निम्मे काम. अडवलेले पाणी कोणाचे, हा प्रश्न तिथे सरळ विचारला गेला, आणि त्याला आकड्यात उत्तर दिले गेले. १९७९ पासून आजूबाजूच्या गावांत गटाने उपसा योजना होऊ लागल्या, त्याच या 'पाणी पंचायती'.

नियम थोडके होते. पाणी जमिनीच्या प्रमाणात मिळणार नाही, घरातल्या माणसांच्या प्रमाणात मिळेल. माणशी अर्धा एकर भिजेल एवढे, आणि कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकराचे. म्हणजे पाच माणसांचे घर असेल तर अडीच एकर, मग त्याची जमीन चार एकर असो की चाळीस. पाण्याचा हक्क जमिनीला चिकटलेला नाही. जमीन विकली तर पाणी विकले जात नाही, ते पंचायतीकडे परत येते. ज्याला जमीनच नाही त्यालाही पाण्यात वाटा. योजनेच्या खर्चाचा पाचवा हिस्सा लाभधारकांनी रोख घालायचा, निम्मे सरकारी अनुदान, आणि बाकीचे साळुंख्यांच्या ग्राम गौरव प्रतिष्ठानाने बिनव्याजी द्यायचे. पाणी सोडायला पगारी पाटकरी. आणि शेवटचा नियम तो आपल्या वर्मी लागणारा : या पाण्यावर ऊस लावायचा नाही.

आता यातला भूमिहीनाच्या वाट्याचा नियम बघा. आपल्याकडे कोणाला सांगितला तर तो म्हणतो, 'जमीन नाही तर पाणी घेऊन तो करणार काय?' करणार काय म्हणजे? ज्याच्याकडे वाट्यापेक्षा जास्त जमीन आहे आणि पाणी नाही, त्याच्याबरोबर वाट्याने शेती करील. एकाची जमीन, दुसऱ्याचे पाणी. आजवर वाटेकऱ्याच्या पदरात फक्त घाम होता, इथे त्याच्या पदरात पाणी आले, आणि बोलण्याला वजन आले. मला हा नियम सगळ्यांत धाडसी वाटतो, उसाच्या बंदीपेक्षाही.

पण उसाकडे येऊ. बंदी का घातली याचा हिशेब कोणी रागाने केलेला नाही, तो सरळ गणिताचा आहे, आणि ते गणित आमच्या शेतकी खात्याच्या फळ्यावरही हेच येते. सुरू उसाला लागणीपासून तोडीपर्यंत, पावसाचे धरून, सुमारे २५० सेंटिमीटर पाणी लागते. आडसालीला ३४० ते ३५० सेंटिमीटर. सुरूचेच धरू. एकरभर वावरात आठ फूट पाणी उभे केले, म्हणजे माणूस हात वर करूनही जेमतेम दिसेल इतके, तेवढे पाणी एक एकर ऊस पितो. लिटरमध्ये सांगायचे तर एक कोटी लिटर. रब्बी ज्वारीला तीन-तीन इंचाच्या चार पाळ्या दिल्या तर फूटभर पाणी होते. तेव्हा एका एकराच्या उसाच्या पाण्यात सात-आठ एकर ज्वारी-हरभरा निघतो. माणशी अर्धा एकर या हिशेबाने, कोणी एकाने एक एकर ऊस लावला तर त्याने चौदा-पंधरा माणसांचा वाटा प्यायला. चाळीस-पन्नास घरांच्या योजनेत अशा दोघा-तिघांनी ऊस लावला की वाटणी संपलीच.

हे वाचून सभासद म्हणतील, साहेब, ज्वारीला भाव कोण देतो? प्रश्न रास्त आहे. उसाला १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे चौदा दिवसांत पैसे देण्याचे बंधन आहे (ते किती पाळले जाते यावर वेगळा लेख होईल, आणि तो मला या पानावर छापू देतील असे वाटत नाही). २०२५-२६ च्या हंगामाला केंद्राने १०.२५ टक्के उताऱ्याला टनाला ३५५० रुपये दर ठरवून दिला. असा बांधलेला दर कांद्याला नाही, टोमॅटोला नाही. गारपीट झाली तरी ऊस उभा राहतो. मजूर कमी लागतात, तोडणी कारखाना करतो, सोसायटीचे कर्ज उसावर मिळते. शेतकरी ऊस लावतो तो मूर्ख म्हणून नव्हे. शहरातली काही मंडळी उसाला सरसकट शिव्या देतात, त्यांनी एकदा कांद्याच्या पट्टीवर घर चालवून पाहावे.

म्हणूनच नायगावचा उसाचा नियम मी जसाच्या तसा उचला असे म्हणत नाही. तिथे पाणलोट एवढासा, तलाव एवढासा, तिथे ऊस बसतच नव्हता. सांगली जिल्ह्यात बलवडीला येरळा नदीवर लोकांनी नदीतली वाळू विकून पैसे उभे करून बळीराजा धरण बांधले, तिथेही भूमिहीनांसकट समान पाणी आणि ऊस नाही असाच ठराव होता. त्यांनाही तो शोभतो. पण आपल्या राज्यातच दुसरा नमुना आहे, आणि तो याहून कितीतरी जुना आहे. धुळे-नाशिककडे पांझरा, मोसम या नद्यांवरच्या बंधाऱ्यांची फड पद्धत. बंधाऱ्याखालच्या जमिनीचे तीन-चार फड पाडायचे, एका फडात एकच पीक, आणि फडांत पिके फिरवायची. एक फड उसाचा असे. ऊस होता, पण किती आणि कुठे हे गावाने ठरवलेले होते, आणि पाण्यावर पाटकरी होता. वाळल्या साली उसाचा फड आखडायचा. आपल्याला जवळचा आहे तो हा नमुना. नायगावकडून घ्यायचा तो माणसे मोजण्याचा आणि लागणीआधी पाणी मोजण्याचा धडा.

आता आपल्याकडचे बघू. कालव्याखालच्या गावांचे मी बोलत नाही, त्यांचे दुखणे निराळे आहे, तिथे पाणी जास्त होऊन रानाला मीठ फुटते आहे. मी बोलतो आहे ते कालवा जिथपर्यंत पोहोचत नाही त्या विहीर-बागायतीच्या वाड्यांविषयी. एक वाडी डोळ्यांपुढे आणा. नाव लिहीत नाही, ज्याची त्याला कळेल. तीस-चाळीस उंबरा. ओढ्याच्या कडेने एका रांगेत विहिरी. पूर्वी त्यांवर एकेक मोट होती, मग ऑइल इंजिन आले, मग पाच हॉर्सची मोटर, आता प्रत्येक विहिरीत आडवी बोअर आणि शेजारी उभी बोअर. वरच्या भावाने तीनशे फूट मारली की खालच्या भावाची विहीर उघडी पडते. मग तो चारशे मारतो. २००९ च्या भूजल कायद्यात शेतीसाठी साठ मीटरपेक्षा खोल विहिरीला बंदी आहे, म्हणजे दोनशे फूट. पण बोअरची गाडी रात्री येते आणि पहाटे जाते. कायदा त्या वेळी झोपलेला असतो.

जूनमध्ये ओढा वाहिला की जुलै-ऑगस्टला आडसाली लागण होते. कारण आडसालीला टनेज पडते, आणि त्या वेळी विहीर काठोकाठ दिसते. उसाची तहान मात्र जुलैत लागत नाही, पुढच्या एप्रिल-मेमध्ये लागते. तेव्हा तो नऊ-दहा महिन्यांचा, भर वाढीत असतो. ठोकळमानाने त्या दोन महिन्यांत एकरी रोज ३५ हजार लिटरच्या आसपास पाणी द्यावे लागते. आपली मोटर तासाला २० हजार लिटर फेकत असेल तर एका एकराला रोज पावणेदोन तास. एप्रिलमध्ये तुमची विहीर दिवसाकाठी दोन तास चालत असेल तर तुमच्याकडे पाणी आहे एका एकराचे. ठिबक असेल, पाचटाचे आच्छादन असेल, तर दीड एकराचे, फार तर थोडे पुढे. लागण झालेली असते तीन एकर. मग काय होते हे तुम्ही जाणताच. सरी कोरडी, पान पिवळे, कांडी आखूड. एकरी पंधरा-वीस टनांवर फड येतो, आणि असल्या फडात तोडणीची टोळी शिरत नाही, शिरलीच तर खुशाली जास्त मागते. म्हणजे पाणी गेले, बियाणे-खताचे कर्ज राहिले, आणि त्याच वाडीला मे महिन्यात प्यायला टँकर. ऑक्टोबर २०२३ मध्ये शासनाने ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. पुरंदर त्यात होता. शेजारचे बारामती, इंदापूर आणि दौंड हे उसाचे तालुकेही होते. दुष्काळ उसाच्या गावाला चुकत नाही, उलट उसाचे गाव त्याला लवकर सापडते.

यात एकट्या सभासदाला बोल लावून चालणार नाही. कारखाना नोंद घेतो ती क्षेत्राची. सात-बारा, गट नंबर, जात, लागणीची तारीख. पाणी किती, हे फॉर्म विचारतच नाही. गाळपाचा आकडा मोठा दिसावा म्हणून आपण, म्हणजे कारखान्यांनी, कोरड्या माळावरच्या नोंदीसुद्धा आनंदाने घेतल्या. नोंदीतले क्षेत्र आणि काट्यावर आलेले टनेज यांत दर उन्हाळ्यानंतर जी फट पडते, ती कोणत्या वाड्यांतून पडते हे प्रत्येक गट ऑफिसला पाठ आहे. तो ऊस कारखान्याच्याही उपयोगाचा नाही. वाळका ऊस वजन देत नाही, उतारा देत नाही आणि वाहतूक मात्र तेवढीच खातो.

माझे म्हणणे असे आहे. विहिरीवरच्या ऊसनोंदीच्या फॉर्मवर दोन रकाने वाढवावेत. एक, मागील एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात विहीर दिवसाला किती तास चालली. दोन, त्याच विहिरीवर आणखी कोणाचा आणि किती ऊस उभा आहे. पहिल्या रकान्याची खातरजमा गट ऑफिसने टेप सोडून स्वतः करावी, ऐकीव लिहू नये. आणि एप्रिलच्या पाण्याला झेपेल तेवढ्याच क्षेत्राची आडसाली नोंद घ्यावी. बाकीच्या रानात ज्याला जे करायचे ते त्याने करावे. सीताफळ लावावे, हरभरा करावा. पुरंदरने अंजीर, सीताफळ आणि वाटाण्यावर नाव कमावले आहे, पुरंदरच्या अंजिराला २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. खोडव्याचीही तीच गोष्ट. खोडवा स्वस्त पडतो म्हणून आपण ठेवतो, पण खोडवा म्हणजे विहिरीवर आणखी एक उन्हाळा, हे धरूनच ठेवावा.

दुसरे, ठिबकाची उसनवारी किंवा ऊस विकास निधीतली मदत एकेकट्याला देण्याऐवजी एका ओढ्यावरच्या सगळ्या विहिरींनी मिळून मागितली तर आधी द्यावी. चार विहिरी एकत्र आल्या की बोअरची शर्यत थांबते. पाळ्या ठरतात. कोणाचा ऊस किती हे एकमेकांना माहीत होते. आणि अशा गटाने त्या रांगेतल्या लहान सभासदाला, ज्याची विहीर आटलेली आहे त्याला, निदान अर्ध्या एकराचे पाणी दिले पाहिजे, अशी अट घालावी. ही अट मी नायगावातून सरळ उचलली आहे. ती अनेकांना आवडणार नाही हे मला ठाऊक आहे.

'विहीर माझी, पैसा माझा, पाण्याचा हिशेब तुम्ही कोण मागणार?' असे मला तोंडावर विचारले गेले आहे. विहीर तुमची, मान्य. पण विहिरीत पाणी येते ते तुमच्या सात-बाऱ्याच्या हद्दीत पडलेले तेवढेच येत नाही. ते वरच्या माळावरून, गायरानातून, शेजाऱ्याच्या बांधातून मुरून येते. शेअरच्या बाबतीत आपण ही गोष्ट कधीच मान्य केलेली आहे. दहा एकरवाल्याला आणि एक एकरवाल्याला आपल्या सभेत एकेकच मत आहे. प्रवरेच्या काठी १९५० साली पहिला सहकारी कारखाना पेटला तो याच तत्त्वावर. मतपेटीत आपण माणूस मोजतो, आणि ओढ्यावर आलो की एकर मोजतो.

नायगावचे सगळे गोडच झाले असे कोणी समजू नये. साळुंखे २००२ मध्ये गेले. त्या काळात उभ्या राहिलेल्या साऱ्या योजना पुढे टिकल्या नाहीत. विजेची बिले वाढली, कुठे तंटे झाले, कुठे ज्याची ऐपत झाली त्याने आपली स्वतंत्र बोअर मारली आणि गटातून अंग काढले. पुरंदर उपसा योजनेचे मुळा-मुठेचे पाणी तालुक्यात आले तेव्हा वरून येणारे पाणी बरे, खालून अडवलेल्या पाण्याची कटकट नको, असेही अनेकांना वाटले. माणूस आहे, त्याला तसे वाटणारच. आपल्या उपसा सोसायट्यांचे काय झाले हे आठवले तर आपण नायगावला नावे ठेवण्याच्या भानगडीत पडणार नाही. पण ही पद्धत जेवढी वर्षे जिथे चालली तिथे ती कशामुळे चालली हे दिसते. पाणी किती आहे हे लागणीच्या आधी सर्वांना माहीत होते, आणि वाटा माणशी होता. नगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारने पुढे हेच केले. पाऊस मोजून दरवर्षी गावसभेत पाण्याचे अंदाजपत्रक मांडले आणि त्यावरून पिके ठरवली. तिथेही उसाला नाही म्हटले आहे, आणि शेतीच्या बोअरलाही.

मला ऊस हवा आहे. माझी नोकरी उसावर आहे, माझ्या मळ्यातही ऊस आहे. पण ओढ्यावरच्या त्या वाडीत जून-जुलैमध्ये मी बेण्याची शिफारस लिहून देतो आणि एप्रिलमध्ये त्याच फडाच्या बांधावरून जातो, तेव्हा तिथे ज्या बायका हंडे घेऊन टँकरची वाट पाहत बसलेल्या असतात त्या आपल्याच सभासदांच्या घरच्या असतात.

दोन रकान्यांचा आणि गटाच्या ठिबकाचा असे दोन्ही विषय येत्या गट सभांत मांडण्याची परवानगी मी मागितली आहे. ज्यांचा विरोध आहे त्यांनी अवश्य यावे, आणि येताना आपली विहीर एप्रिलमध्ये किती तास चालली ते कागदावर लिहून आणावे. ज्यांनी मोजलेच नसेल त्यांच्यासाठी प्रत्येक गट ऑफिसात टेप आणि दोरी ठेवायला सांगितली आहे. चीटबॉयला निरोप दिला की तो विहिरीवर येईल.

आपला,
ऊस विकास अधिकारी